सोवळ्यातली भाकरी

आमच्या स्वयंपाकघरातली सर्वांत वरची फळी सोवळ्यातली होती. तिच्यावर एक तवा, एक परात, एक चाळणी, एक झारा, एक कढई आणि एक मिसळणाचा डबा असायचा. त्या फळीला हात लावायचा तर आधी हात धुवायचे. खालचा झारा वर न्यायचा नाही, वरची चाळणी खाली आणायची नाही. कुणी नकळत वरच्या चाळणीतून कणीक चाळलीच, तर ती चाळणी कितीही घासली तरी परत वर चढत नसे. जाळीत अडकलेलं पीठ निघत नाही, म्हणून नवी आणावी लागे. नव्यानं कामाला आलेल्या मावशींना हे नियम सांगू लागले की माझा आवाज मला ओळखीचा वाटायचा. तो माझ्या आजीचा होता.

आजी वाईची. उंच दांडीवर कुणाचा स्पर्श न होता वाळलेलं लुगडं काठीनं काढून नेसायची आणि मगच चुलीपाशी जायची. नैवेद्य होईपर्यंत आम्हा नातवंडांपैकी कुणी उंबरठा ओलांडला, की आतून "शिवू नकोस गं" अशी हाक यायची. आम्हाला त्यात खेळ वाटे. पुढे कळू लागलं तशी मागच्या पडवीतल्या कोनाड्यातली कपबशी दिसू लागली. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंची ती. त्या चहा प्यायच्या, कपबशी स्वतः विसळायच्या, कोनाड्यात उपडी घालून जायच्या. कुणी कुणाला काही बोलत नसे. सगळं इतकं सुरळीत चालायचं, की त्यात बोलण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. माझ्या संसारात भांड्यांची वाटणी होणार नाही, हे मी बऱ्याच लहान वयात ठरवलं आणि पुण्यात स्वतःचं घर झाल्यावर ते पाळलंही. मग लेकीला सिलिअ‍ॅक हा आजार निघाला.

ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. उंची अडलेली, पोट पुढे आलेलं, रक्त कायम कमी. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताची औषधं झाली. घरात येणारं प्रत्येक वडीलधारं माणूस एकच वाक्य बोलून जायचं, "पोरीच्या अंगी खाल्लेलं लागत नाही." ते अक्षरशः खरं होतं. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. ज्यांच्या शरीरात ठरावीक जनुकं असतात त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तराला अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मूल भरल्या ताटावर बसतं, पोटभर जेवतं आणि आतून उपाशी राहतं. रक्ततपासणीत संशय आला, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला तेव्हा निदान पक्कं झालं. लोह आणि जीवनसत्त्वं सोडली तर चिठ्ठीवर औषध नव्हतं. ग्लुटेन बंद, आयुष्यभर, एवढाच उपचार.

ऐकताना हे सोपं वाटतं. पण गोळी घ्यायची असली तर ती आपली आपण घेता येते. हा उपचार मात्र आईच्या ओट्यावर, शाळेतल्या डब्याच्या सुट्टीत, शेजारणीच्या हळदीकुंकवात आणि लग्नाच्या पंगतीत व्हायचा असतो. म्हणजे रोगी एक आणि औषध देणारे हात शंभर. त्यातल्या निम्म्यांना आपण औषध देतो आहोत हे ठाऊकही नसतं.

हे औषध सापडायलाही फार उशीर झाला. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी 1888 मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं, आणि रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानंच होईल, असंही सांगितलं. ते सांगून त्यांनी पथ्यात पावाला परवानगी दिली. पातळ कापलेला आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य सुरू केलं. मुलं सुधारली आणि केळ्याचा गवगवा झाला. वास्तविक केळ्यांमुळे पाव ताटातून गेला होता, म्हणून मुलं सुधारत होती. खरा गुन्हेगार पकडला तो नेदरलँड्सच्या विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांनी. गव्हावर त्यांचा संशय महायुद्धाच्या आधीपासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला, आणि हा संशय बळावला. 1950 मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. माणसं अन्नावाचून मरत होती त्या काळातून काही मुलांच्या जगण्याचा मार्ग निघाला, हे वाचताना मला बरं वाटत नाही. पण कृतज्ञता वाटल्यावाचूनही राहत नाही.

आता मोजमाप. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, हा नियम जगभर बऱ्याच ठिकाणी आहे आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाही तोच आहे. एका साध्या पोळीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी सिलिअ‍ॅकच्या आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. हा हिशेब कळल्यावर ओट्यावर सांडलेल्या कणकेकडे मी आजीच्या नजरेनं बघू लागले.

पहिली फारकत झाली ती गिरणीशी. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहूच दळला जातो. गिरणीवाले दादा भला माणूस. "वहिनी, ज्वारी-तांदळाला आपल्याकडे वेगळी चक्की आहे," त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. पण सांगताना त्यांच्या भुवयासुद्धा कणकेनं पांढऱ्या झालेल्या होत्या. आम्ही घरघंटी घेतली. दादांना वाईट वाटलं. आमचं दळण दुसऱ्या गिरणीत जातं अशी त्यांची समजूत झाली होती. लेकीला घेऊन जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी तिला गिरणीच्या दारातून दोन पावलं मागे सरकवलं आणि म्हणाले, "बाळा, तू इथे उभीसुद्धा राहू नकोस, पीठ उडतं." त्या क्षणी ते मला कुठल्याही पथ्याच्या तक्त्यापेक्षा जास्त शास्त्रीय वाटले.

घरघंटीनं अर्धाच प्रश्न सुटतो. बाजारात धान्यं एकाच फावड्यानं भरली जातात, एकाच मापानं मोजली जातात. ज्वारीत गव्हाचे दाणे सहज निघतात. त्यामुळे ज्वारी सुपात घेऊन निवडायची, ती खड्यांसाठी नव्हे, गव्हासाठी. हे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले त्यांचे डोळे टपोऱ्या पांढऱ्या ज्वारीतून गव्हाचा दाणा अचूक उचलतात आणि त्या तो चिमटीत धरून सगळ्यांना दाखवतात.

सासूबाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथल्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यांच्या दृष्टीनं ती फक्त ज्वारी. भाकरी मी त्यांच्याकडून शिकले. गव्हाच्या कणकेत पाणी पडलं की ग्लुटेनचे धागे जुळतात. कणीक ताणली जाते, लाटणं नेईल तिकडे पसरते. ज्वारीकडे यातलं काही नाही. तिच्या पिठात उकळतं पाणी घालावं लागतं, म्हणजे त्यातला स्टार्च शिजून चिकट होतो. मग तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं आणि लाटायच्या फंदात न पडता थापायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, काठ फाटतातच. ग्लुटेन नसणं म्हणजे काय, हे मला डॉक्टरांच्या चित्रांपेक्षा त्या फाटलेल्या काठांनी जास्त समजावलं. पोळीत जे काम ते प्रथिन गुपचूप करतं, भाकरीत ते बाईच्या हाताला करावं लागतं.

सासूबाईंच्या लहानपणी पोळी सणाला व्हायची, नाहीतर जावई आल्यावर. पुढे पुण्यात नवऱ्याच्या नोकरीबरोबर आल्या तेव्हा मुलाच्या डब्यात भाकरी द्यायची त्यांना लाज वाटू लागली. शाळेत इतर मुलांच्या डब्यांत पोळी असे. रेशनवर गहू मिळत होता, गिरणी जवळ होती, घराची इभ्रत पोळीत होती. एका पिढीत ताट बदललं. उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला आढळतो आणि दक्षिणेत त्यापेक्षा पुष्कळ कमी. त्यासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडे आहेत. गव्हाचं प्रमाण मात्र सारखं नाही. महाराष्ट्र मधे बसला आहे, भात आणि भाकरी सोडून पोळीकडे सरकत गेलेला. माझी लेक सासूबाईंच्या पिढीत मंगळवेढ्याला जन्मली असती, तर कदाचित तिच्या आजारानं डोकं वर काढलंच नसतं. हे मी एकदा सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, आणि शाळेतही गेली नसती." जुन्या काळाबद्दल उसासे टाकण्याची सोय या घरात नाही.

पोळी बंद करणं हा त्यातला सोपा भाग, कारण पोळी दिसते. न दिसणारा गहू शोधत गेलो तेव्हा मराठी स्वयंपाकाची सगळी गुपितं उघडी पडली. डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. शुद्ध हिंग इतका उग्र की तो कशात तरी मिसळूनच विकतात. म्हणजे वरणाच्या फोडणीपासून संशय सुरू. आजारी मुलाला द्यायचा मऊ भात-मेतकूट. त्या मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू भाजून घातलेले. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूचं पीठ तर नावातच दोषी. दूध प्यावं म्हणून मुलांना जी चॉकलेटी पावडर देतात तिच्यात बार्लीचं माल्ट. "मग खपली गहू द्या ना, तो जुना, देशी," असं सांगणारे तर दर समारंभात भेटतात. खपलीही गहूच, तिच्यातही ग्लुटेन असतंच, आणि आतड्याला देशी-परदेशी कळत नाही.

मग माणसांची गुपितं. लेक विचारायला शिकली, "काकू, यात काय काय घातलंय?" आणि घराघरांतली ख्याती डळमळली. उकडीच्या मोदकांसाठी वाखाणल्या जाणाऱ्या एका बाईंच्या उकडीत कळ्या फाटू नयेत म्हणून चमचाभर मैदा पडत होता. कुणाच्या बेसनाच्या लाडवात कणी यावी म्हणून रवा होता. कुणाची आमटी कणीक लावून दाट व्हायची. हे कबूल करताना चेहरे पडत. एक मामी तर लेकीला स्वयंपाकघरात बोलावून, दार लोटून, कानात सांगून गेल्या. लेकीनंही त्या मैद्याचं गुपित आजतागायत फोडलेलं नाही. मलासुद्धा तिनं फक्त "मामींच्या करंज्या तर सोडाच, मोदकही नकोत" एवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी ओळखलं.

गंमत म्हणजे वर्षातला तिचा सगळ्यात निर्धास्त दिवस एकादशीचा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळी, दाण्याची आमटी; हिंगसुद्धा नाही. घरात सगळे उपास करतात आणि ती चवीनं जेवते. पंढरपूरहून कुणी आलं की चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, राजगिऱ्याच्या वड्या असा प्रसाद येतो, तोही तिला चालतो. विठोबाचा प्रसाद आमच्या डॉक्टरांनी तपासून दिल्यासारखा आहे, असं तिचे बाबा म्हणतात. सत्यनारायण मात्र अवघड. सव्वाच्या मापाचा रवा, साखर, तूप, दूध, केळं. तो शिरा नाकारणं म्हणजे काय, हे ज्यांनी लहानपणी कथा ऐकली आहे त्यांना सांगायला नको. प्रसाद न घेता गेलेलीच्या नवऱ्याचं जहाज त्यात बुडतं.

वसईची माझी एक मैत्रीण कॅथलिक आहे, तिच्या भाच्यालाही हाच आजार. चर्चमधल्या प्रसादाची, म्हणजे कम्युनियनची, पातळ चकती गव्हाचीच हवी असा त्यांचा नियम. व्हॅटिकननं 2017 च्या पत्रात तो पुन्हा स्पष्ट केला: पूर्ण ग्लुटेनमुक्त चकती चालणार नाही, अगदी कमी ग्लुटेन असलेली चालेल. कुणाला तेवढंही सोसत नसेल त्यानं नुसता द्राक्षारस घेतला तरी कम्युनियन पूर्ण होतं, अशी वाट त्यांच्याकडे आहे. आमच्याकडे कुठलंच केंद्रीय कार्यालय नाही. आमच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "राजगिऱ्याचा करा. देवाला केळं पोचलं म्हणजे झालं." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की आपण एवढे दिवस कुणाला भीत होतो असा प्रश्न मला पडला.

त्याच सुमारास मला समतानंद अनंत हरी गद्र्यांची आठवण झाली. 'निर्भीड' साप्ताहिकाचे संपादक. स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले होते. पूजेला दलित जोडपं बसवायचं, सगळ्या जातींच्या लोकांना बोलवायचं आणि प्रसाद म्हणून शिऱ्याऐवजी झुणका-भाकर वाटायची. तो प्रसाद खाणं हीच जात बाजूला ठेवल्याची खूण. माझ्या आजीच्या घरी हे कधी पोचलं नाही. पण त्या प्रसादात आज माझी लेक बसू शकली असती. फक्त हिंग विचारून घ्यावा लागला असता. ज्याला बरोबर बसवायचं त्याच्या बाजूनं प्रसाद बदलता येतो, आणि देवाचं काही बिघडत नाही, हे कुणीतरी आधीच करून दाखवलेलं होतं.

हे सारं लेकीपुरतं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पण हा आजार घराण्यात चालतो. रोग्याच्या आईवडील-भावंडांत साधारण दहात एकाला तो असू शकतो, म्हणून सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझी आणि मुलाची ठीक आली. नवऱ्याची नाही. त्याला पोटाचा म्हणावा असा त्रास कधीच नव्हता. रक्त थोडं कमी आणि हाडं वयाच्या मानानं ठिसूळ, एवढंच. मुलीनं पथ्य मुकाट्यानं धरलं होतं. पन्नाशीतल्या या माणसाला ते फार जड गेलं. लेकीला पोळीची चव नीट लागायच्या आतच ती सुटली होती. त्याच्या मागे मात्र पोळ्यांचा पन्नास वर्षांचा संसार होता. तव्यावरून ताटात आलेल्या पहिल्या पोळीवर तूप घालून ती गुंडाळून उभ्यानं खायची त्याची लहानपणापासूनची सवय. पहिले काही महिने तो जेवण झाल्यावरही ओट्याशी येऊन काही न बोलता उभा राहायचा. लेकीनं त्याला शिकवलं. लेबल कसं वाचायचं, ऑफिसच्या पार्टीत काय विचारायचं, "थोडंसं" म्हणणाऱ्याला हसून कसं थांबवायचं. बापानं मुलीकडून पथ्य शिकावं हा देखावा आमच्या घरात रोज घडला.

दोघं झाले तेव्हा घर उलटलं. आता खालच्या फळ्याही ग्लुटेनमुक्त झाल्या आणि गहूच एका कोपऱ्यात गेला. त्या कोपऱ्यात एकच डबा आहे, सासूबाईंच्या खारीचा. सकाळी त्या आपली खारी आणि चहा घेऊन गच्चीत जातात, कारण खारीचा भुगा उडतो. खाऊन, साडी झटकून, हात धुऊन आत येतात. एकदा आत येताना म्हणाल्या, "जन्मभर सोवळं पाळलं, आता या वयात घरात मीच एकटी ओवळी." आणि खूप हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य मनातून गेलं नाही. कारण मी जे घरात आणायचं नाही म्हणून ठरवलं होतं, ते सगळं इथे होतं: वेगळी भांडी, वेगळी जागा, हात धुणं, शिवू नको. मग आजीच्या पडवीतल्या कोनाड्यात आणि माझ्या फळीत फरक कोणता?

पहिलं उत्तर चटकन सुचतं. आजीच्या सोवळ्यात विटाळ माणसात होता. इथे तो पिठात आहे, आणि ते पीठही वाईट नाही, फक्त दोघांना सोसत नाही. ती कपबशी वेगळी होती ती त्या बाईंनी आमच्यात बसू नये म्हणून. ही फळी वेगळी होती ती लेकीला सगळ्यांत बसता यावं म्हणून. हे उत्तर खरं आहे, पण ते माझ्या बाजूनं दिलेलं आहे. शाळेत एका वर्षी तिला डब्याच्या सुट्टीत वेगळ्या बाकावर बसवलं होतं. काळजीनंच, इतरांच्या पोळीचे कण तिच्या डब्यात पडू नयेत म्हणून. तिच्या डब्याला हात लावू नका, असं मुलांना बजावलं होतं. आठवड्याभरात मुलं तिच्या वहीलाही हात लावेनाशी झाली. हेतू उलटा होता, दिसायला सगळं तसंच होतं, आणि त्या बाकावर बसणारीला तर दोन्हींत काडीचा फरक जाणवला नसता. अंगण झाडणाऱ्या त्या बाईंना आमच्या घरातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं, की तुम्हाला कुठे बसायचं आहे. लेकीलाही कुणी विचारलं नव्हतं. वेगळेपण कुणी ठरवलं आणि ज्याच्यासाठी ठरवलं त्याला विचारलं का, हा खरा फरक. लेकीनं स्वतः वर्गशिक्षिकांना जाऊन सांगितलं की मला मैत्रिणींतच बसू द्या, मी माझा डबा मांडीवर धरीन, त्यांनी फक्त माझ्या डब्यात हात घालू नये. दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या जागी होती.

घराबाहेर मात्र सोवळ्यापेक्षा मोठी अडचण आहे ती आग्रहाची. आपलं आदरातिथ्य आग्रहावर उभं आहे. पंगतीत जिलबी वाढणारा नको म्हटल्यावर पुढे गेला तर तो वाढपी कसला! "एकानं काही होत नाही," "माझ्या हातचं आहे, बाहेरचं नाही," "देवाचं नाव घेऊन खा" या वाक्यांत खोटं प्रेम नसतं, अगदी खरं असतं. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. मधुमेहाच्या माणसालाही यजमान सोडत नाहीत, कारण एक जिलबी खाऊन त्याला लगेच काही झालेलं दिसत नाही. सिलिअ‍ॅकचंही तसंच: लेक ताटावर बेशुद्ध पडत नाही. कधी रात्री पोट दुखतं, कधी तेही नाही. आतड्यावर काय झालं ते महिन्यांनी रक्तात कळतं. न दिसणाऱ्या इजेपुढे दिसणारा आग्रह नेहमी जिंकतो. म्हणून तिनं आणि तिच्या बाबांनी एक रीत पाडली आहे. नको म्हणायच्या आधी विचारायचं. काय घातलंय, कशात तळलंय, त्याच झाऱ्यानं काढलंय का. नकारानं यजमान दुखावतो. प्रश्नानं तो निदान बोलता होतो.

गेल्या मे महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं. मंडपामागे लेक आचाऱ्यांना गाठून विचारत होती आणि मी जरा मागे उभी होते; तिला आता मी पुढे झालेलं आवडत नाही. आचारी घामाघूम. त्यांच्या हाताखालच्या पोरानं घाईनं सांगितलं, "ताई, बटाटेवडा घ्या, बेसनाचाच आहे." आचाऱ्यांनी त्याला थांबवलं. "नाही ताई, वडा बेसनाचा आहे पण सकाळी त्याच कढईत समोसे काढलेत. तेल तेच आहे. मसालेभातात माझा हिंग आहे, तोही तुम्हाला चालायचा नाही. साधा भात मात्र नुकताच उतरवलाय, अजून त्यात कुणाचा डाव पडलेला नाही. तो आणि दही घ्या, तुमच्यासाठी आधी बाजूला काढून देतो." शाही लग्नात दही-भात जेवलेल्या लेकीचा चेहरा इतका खुललेला होता, की वधूपक्षाच्या दोन बायकांनी पदार्थ काय आहे म्हणून डोकावून पाहिलं. इतक्या वर्षांत आम्हाला आग्रह करणारे शेकड्यांनी भेटले. आपल्या कढईबद्दल खरं सांगणारे थोडे. त्या आचाऱ्यांचा फोन नंबर मी घेऊन ठेवला आहे. मुलाचं लग्न ठरलं की मंगल कार्यालय कुठलं ते नंतर बघू, स्वयंपाक त्यांच्याकडे.